वारा पडल्यावरची फवारणी: खोऱ्यातील द्राक्षबागेवर उतरलेल्या तणनाशकाच्या वाफेचे प्रकरण

गाव आणि माणसे ओळखता येऊ नयेत म्हणून या नोंदीत नावे दिलेली नाहीत, अंतरे आणि क्षेत्र ढोबळ ठेवले आहे. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

उथळ खोरे, मधून जाणारा ओढा. वरच्या उतारांवर मका आणि गहू, ओढ्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि टोमॅटो, त्याच्याही खाली वस्ती. जवळपास कारखाना नाही, मोठा रस्ता नाही. हवा बिघडण्यासारखे इथे काही आहे असे कोणालाही वाटत नव्हते.

वरच्या शेतांत रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी हे तणनाशक वापरले जाई. १९४० च्या दशकात बाजारात आलेले हे जुने आणि ओळखीचे औषध. ते दोन मुख्य रूपांत मिळते. अमाइन क्षार पाण्यात विरघळतो आणि त्याची वाफ फारशी होत नाही. एस्टर तेलकट असते, पाण्यात दुधाळ होते आणि त्यातला इथाइल, ब्युटाइल असा आखूड साखळीचा प्रकार तर पानावरून व मातीवरून उडत राहतो. ऊन तापले की आणखी उडतो, फवारणी संपल्यावर दोन-तीन दिवससुद्धा. डबीवर दोन्हींचे नाव ठळक अक्षरांत ‘२,४-डी’ असेच असते आणि फरक खालच्या बारीक ओळीत. या प्रकरणाची निम्मी गुंतागुंत त्या बारीक ओळीत होती.

समस्या

वेलींची फूट दोन-अडीच फुटांची झाली असताना नवी पाने विचित्र येऊ लागली. पान पसरण्याऐवजी पंख्यासारखे मिटलेले, कडेचे दाते लांब आणि टोकदार, शिरा जाड होऊन एकमेकींना समांतर, मधला हिरवा भाग आक्रसलेला. टोमॅटोची देठे खाली वळली, शेंडे पिळवटले, काही खोडांवर उभ्या भेगा पडून गाठी आल्या. त्याच आठवड्यात वस्तीतल्या काही जणांनी संध्याकाळनंतर उग्र, औषधी वास येतो आणि डोळे चुरचुरतात अशी तक्रार केली.

पहिला अंदाज विषाणूचा होता आणि तो चुकीचा असला तरी अवाजवी नव्हता. द्राक्षातला फॅनलीफ विषाणू पानांना असाच आकार देतो. पण तो ठरावीक वेलींवर वर्षानुवर्षे दिसतो आणि जमिनीतल्या सूत्रकृमीमार्फत हळूहळू पसरतो. इथे वेगवेगळ्या मालकांच्या बागा, वेगवेगळ्या जाती आणि टोमॅटो, सगळे आठ-दहा दिवसांत एकदम बिघडले. जस्ताची कमतरताही पाने लहान करते, पण शिरा अशा जवळ आणून जाड करत नाही. टोमॅटो आणि द्राक्ष ही दोन्ही पिके २,४-डीला अतिशय हळवी आहेत. शेतात मारायच्या मात्रेचा शंभरावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, द्राक्षाला पुरतो.

कारण तणनाशक आहे हे एकदा मान्य झाल्यावर बोट सर्वांत जवळच्या शेताकडे गेले. बागेच्या पश्चिमेला साडेतीनशे मीटरवर मक्याचे शेत होते, तिथे नुकतीच फवारणी झाली होती आणि वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडूनच येई. चार-पाच दिवसांत बोलणे बंद होण्यापर्यंत पाळी आली.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग म्हणजे पश्चिमेच्या शेतकऱ्यावर तक्रार करून भरपाई मागणे. त्यासाठी पुरावा लागणार होता, आणि पुरावा म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल असेच सगळे धरून चालले होते.

दुसरा मार्ग हवा मोजण्याचा. एकाने कणमापक यंत्र आणले, त्यावर पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचे, आकडे दिसू लागले. वासाच्या संध्याकाळी आकडा चढला की ‘सापडले’ असे वाटे. हे यंत्र प्रकाशाच्या किरणाने हवेतले कण मोजते. तणनाशकाची वाफ कण नसते, म्हणून ती त्याला दिसत नाही. शिवाय हवेतली आर्द्रता वाढली की कण पाणी शोषून फुगतात आणि स्वस्त यंत्र आकडा वाढवून दाखवते. दमट संध्याकाळी नेमके तेच होत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळ्यांमध्ये पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर दिली आहे, पण त्या यादीत तणनाशके नाहीतच. हवा ‘चांगली’ दाखवणारा निर्देशांक या वाफेबद्दल काहीच सांगत नाही. वाफ खरोखर मोजायची तर ती शोषून धरणारी एक्सएडी राळेची नळी किंवा पॉलियुरेथेन फोम, त्यातून ठरावीक वेगाने हवा ओढणारा पंप, सोबत तुलनेसाठी हवा न ओढलेली एक कोरी नळी, नमुना वाटेत थंड राखण्याची सोय आणि ती वाफ ओळखणारी प्रयोगशाळा लागते. हे करता येते, पण पंप वासाच्या रात्री चालू असावा लागतो. घटना होऊन गेल्यावर लावलेला पंप काही सांगत नाही.

तिसरा मार्ग वाऱ्याला अडवणारी झाडे किंवा जाळी. उडत येणाऱ्या थेंबांना ती काही प्रमाणात अडवते, वाफेला नाही.

चौथा मार्ग सुचवला गेला तो वेलींवर संजीवके आणि खते फवारून ‘उतारा’ देण्याचा. २,४-डीला उतारा नाही. वेलीला पाण्याचा ताण न देणे आणि दुसरे तणनाशक जवळ येऊ न देणे एवढेच हातात असते. त्यावर खर्च टाळला गेला, हा निर्णय योग्यच होता.

पाचवा मार्ग सर्वांत कंटाळवाणा होता. आधी नुकसानीचा नकाशा काढायचा, मग वरच्या आणि खालच्या सगळ्या शेतांच्या फवारणीच्या नोंदी त्याच्यासमोर ठेवायच्या. शेवटी कामी आला तो हाच, पण त्याकडे वळायला अहवालाने निराशा करावी लागली.

पहिला निर्णय: नमुने

लक्षणे दिसल्यावर बाराव्या दिवशी पाने तोडून पाठवली. बागेतले नमुने ‘शोधमर्यादेखाली’, म्हणजे प्रयोगशाळेला ओळखता येणार नाही इतके कमी, आले. टोमॅटोच्या शेताच्या एका तुकड्यातल्या नमुन्यात मात्र २,४-डी ठळक सापडले.

गावाने याचा अर्थ असा लावला की बागेत तणनाशक नाही आणि टोमॅटोत आहे, म्हणजे कोणीतरी मुद्दाम टोमॅटोवर मारले. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. वेल २,४-डी हळूहळू मोडून टाकते, पानाचा बिघडलेला आकार मात्र राहतो. त्यातून नमुन्यासाठी सर्वांत वाकडी पाने निवडली होती. वाकडी पाने म्हणजे जुन्या माराची पाने. शेंड्याजवळची ताजी पाने घ्यायला हवी होती आणि तीही लक्षणे दिसताच. नमुन्याची रीत साधी आहे: नवे हातमोजे, आधी निरोगी भागातून मग बाधित भागातून, प्रत्येक जागेचे दोन संच, कागदी पिशवीत घालून वरून प्लास्टिक, त्याच दिवशी गोठवणे, पिशवीवर ओळ, वेल, तारीख आणि तोडणाऱ्याची सही. एक संच आपल्याकडे गोठवलेला राहतो, म्हणजे अहवालावर वाद झाला तर दुसरीकडे पाठवता येतो.

टोमॅटोच्या तुकड्याचे उत्तर त्याच्या ओळींमध्येच होते. पहिल्या चार ओळी पूर्ण पिळवटलेल्या, पाचवी-सहावी थोड्या, पुढे जवळपास निरोगी. हवेतून आलेले औषध ओळी मोजून उतरत नाही. त्या शेतकऱ्याने बुरशीनाशक मारायला उसना पंप आणला होता आणि तो आधी तणनाशकाला वापरलेला होता. एस्टर रबरी नळीत आणि प्लास्टिकच्या टाकीत चिकटून बसते, नुसत्या पाण्याने निघत नाही, आणि पुढच्या फवारणीतल्या तेलकट औषधाबरोबर सुटून बाहेर येते. एकमेव ‘होकारार्थी’ अहवाल हवेचा नव्हताच. प्रयोगशाळेचा कागद नकाशाशिवाय वाचला तर किती दूर नेतो, ते या तुकड्यावरून दिसते.

दुसरा निर्णय: नकाशा आणि पानांची मोजणी

प्रत्येक बागेत दर पाचव्या ओळीत वीस वेली घेऊन ० ते ५ गुण दिले. ० म्हणजे निरोगी, ५ म्हणजे शेंडा थांबलेला. कागदावर रंग भरल्यावर चित्र वेगळेच निघाले. पश्चिमेकडच्या, म्हणजे संशयित शेताच्या बाजूच्या ओळी सर्वांत कमी बाधित होत्या. सर्वांत जास्त मार ओढ्याकाठच्या सखल पट्ट्याला बसला होता, अगदी वरपासून वस्तीपर्यंत. उतारावर जसजसे चढत जावे तसतसे गुण कमी होत गेले.

थेंब वाऱ्याने उडाले तर जवळची कड जळते आणि आत जाताना नुकसान झपाट्याने घटते. वाफ किंवा तरंगणारे बारीक तुषार गार हवेबरोबर वाहिले तर ती गार हवा जिथे साचते तिथे नुकसान होते, मग शेत दोन किलोमीटरवर का असेना.

मग पाने मोजली. वेलीची पूर्ण वाढलेली पाने या तणनाशकाने आकार बदलत नाहीत. बदलतात ती त्या वेळी कोंबात घडत असलेली पाने. फुटीच्या बुडापासून नवव्या पानापर्यंत सगळे ठीक होते. दहावे ते तेरावे पंख्यासारखे, चौदावे-पंधरावे जवळपास नेहमीचे आणि सोळाव्यापासून पुन्हा वाकडी. उबदार दिवसांत द्राक्षाला साधारण दोन-तीन दिवसांत एक नवे पान येते. म्हणजे मार एकदा नव्हे, दोनदा बसला होता आणि दोन्हींत दीड-दोन आठवड्यांचे अंतर होते. ही पद्धत तीन-चार दिवस इकडेतिकडे होते, तारीख सिद्ध करत नाही. पण कोणत्या नोंदी तपासायच्या ते तिने नेमके सांगितले.

नोंदी मागताना प्रश्नाची भाषा महत्त्वाची ठरली. ‘तुम्ही २,४-डी मारले का?’ याला सगळ्यांचे उत्तर ‘हो’ होते आणि त्यातून काहीच कळत नव्हते. म्हणून चार गोष्टी विचारल्या: रिकामी डबी दाखवा, वेळ काय होती, नोझल कोणते होते, त्या वेळी वारा होता का. पश्चिमेच्या शेतकऱ्याकडे अमाइन क्षाराची डबी निघाली, फवारणी सकाळी नऊनंतरची. ओढ्याच्या वरच्या अंगाला दीड ते दोन किलोमीटरवर तीन शेतांत एस्टर निघाले, दोन वेगवेगळ्या वेळी मारलेले, बारीक तुषार पाडणाऱ्या पोकळ शंकूच्या नोझलने, सूर्य मावळताना. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. उलट ‘वारा पडल्यावर मारा म्हणजे उडणार नाही’ हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला त्यांनी काटेकोर पाळला होता.

वारा पडतो तेव्हा नेमके काय होते

निरभ्र संध्याकाळी जमीन झपाट्याने निवते आणि तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. दिवसा गरम हवा वर चढते आणि औषधाची वाफ उंचावर पातळ होऊन जाते. विपरीततेत हवा थरांत बसते, वर-खाली ढवळली जात नाही, आणि गार थर पाण्यासारखा उताराने ओढ्याकडे सरकतो. त्यात मिसळलेली वाफ आणि तुषार पातळ न होता सोबत जातात. तीन मीटर उंचीवरून १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब जमिनीवर यायला साधारण १० सेकंद लागतात, २० मायक्रॉनच्या थेंबाला चार मिनिटांहून जास्त, ५ मायक्रॉनच्या थेंबाला तासाभराहून अधिक. पूर्ण शांत हवा या बारीक थेंबांना खाली पाडत नाही, त्यांना धरून ठेवते.

संध्याकाळचा वास आणि चुरचुरणारे डोळे याच थराचे लक्षण होते, कारण वस्ती ओढ्याच्या सर्वांत खालच्या टोकाला होती.

हे फक्त या खोऱ्यात घडत नाही. अमेरिकेत २०१७ च्या हंगामात डायकांबा या सहज उडणाऱ्या तणनाशकामुळे सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनचे नुकसान झाल्याचा अंदाज होता. त्यानंतर तिथल्या लेबलवर फवारणीची वेळ सूर्योदयानंतर एक तास ते सूर्यास्तापूर्वी दोन तास अशी बांधून दिली गेली.

केलेली कामे

सर्वांत आधी विपरीतता डोळ्यांना दिसेल असे काहीतरी हवे होते, नाहीतर ‘शांत हवा धोक्याची’ हे कोणालाच पटत नव्हते. ओढ्याकाठी एक खांब रोवून ३० सेंटीमीटर आणि ३ मीटर उंचीवर सावलीच्या पांढऱ्या पेटीत दोन सारखे तापमापक लावले. आधी दोन्ही एकाच जागी ठेवून सारखा आकडा दाखवतात ना, हे तपासले. ही पायरी गाळली तर तापमापकांतला फरक हवेचा म्हणून वाचला जातो. दुपारी खालचा तापमापक जास्त दाखवी, सूर्य मावळायच्या सुमारास खालचा कमी. वरचा आकडा जास्त असेल तर फवारणी नाही, एवढा साधा नियम त्यातून निघाला. खांब नसेल तिथे धूर पाहावा: वर जाऊन विरला तर ठीक, आडवा पसरून लोंबकळला तर थांबावे.

मग बैठक झाली आणि एका पानाचा लेखी करार झाला. एस्टरऐवजी अमाइन क्षार. वेळ सूर्योदयानंतर एक तास ते सूर्यास्तापूर्वी दोन तास. वारा ताशी ५ ते १५ किलोमीटर, बागांपासून दूर वाहणारा. तापमान ३० अंशांच्या आत. पोकळ शंकूऐवजी हवा ओढून जाड थेंब पाडणारे सपाट पंख्याचे नोझल, दाब कमी, बूम, म्हणजे नोझल बसवलेला आडवा दांडा, शेंड्यापासून ५० सेंटीमीटरवर. फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप.

मक्या-गव्हाच्या शेतकऱ्यांचे आक्षेप खरे होते आणि ते खरे मानले गेले म्हणूनच करार टिकला. एस्टर मेणचट पानांत लवकर शिरते, थंडीत चांगले चालते आणि तासाभरात पावसाला दाद देत नाही. अमाइन क्षाराला पाऊस न येता कित्येक तास लागतात. शिवाय जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला बांधून ठेवतात आणि तण मरत नाही. तसे झाले तर शेतकरी पुन्हा एस्टरकडे वळणार हे उघड होते. म्हणून १०० लिटर पाण्यात आधी १ ते २ किलो अमोनियम सल्फेट विरघळवून मग औषध घालायची रीत ठरली. फवारणी तण दोन-चार पानांचे असतानाच करायची असेही ठरले, कारण मोठ्या तणावर अमाइन क्षार कमी पडतो.

पंप धुण्याची रीत वेगळी लिहून दिली. टाकी रिकामी करून पाण्याने खळबळणे, मग धुण्याच्या साबणाचे पाणी भरून नळी आणि नोझलमधून खेळवणे, नंतर १०० लिटर पाण्यात १ लिटर घरगुती अमोनिया मिसळून ते पाणी रात्रभर नळीसकट भरून ठेवणे, सकाळी दोनदा स्वच्छ पाणी. गाळण्या आणि नोझल काढून वेगळे धुणे. अमोनियाबरोबर ब्लीच कधीही मिसळायचे नाही, त्यातून क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. खरा उपाय मात्र तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवणे हा आहे.

पहाऱ्याला टोमॅटोची रोपे ठेवली. तीन-चार पानांची रोपे कुंड्यांत, ओढ्याकाठी, मधल्या उतारावर आणि वर. प्रत्येक ठिकाणी तीन. शिवाय तीन कुंड्या खोऱ्याबाहेर. फवारणीच्या दिवसांत ४८ तास जागेवर ठेवून मग सगळ्या एकत्र निवाऱ्यात आणायच्या आणि दोन आठवडे पाहायच्या. खोऱ्याबाहेरच्या कुंड्या नसत्या तर रोपवाटिकेतूनच आलेला दोष हवेच्या नावावर गेला असता. रोपे मात्रा सांगत नाहीत, पण वाफ आली की नाही आणि कुठवर आली हे पंप-नळीच्या मानाने फुकटात सांगतात.

परिणाम

त्या हंगामाचे नुकसान भरून निघाले नाही. ओढ्याकाठच्या बागांत फुलोऱ्यात मार बसलेल्या घडांमध्ये मणीगळ झाली, राहिलेले मणी लहान-मोठे आणि पुढेमागे पिकले. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वेली छाटून पुन्हा फूट घ्यावी लागली. जुन्या वेली पुढच्या हंगामात नेहमीसारख्या फुटल्या. भरपाईचा प्रश्न सुटला नाही. तीन शेतांपैकी कोणाचे किती, हे वाटून सांगण्याइतका पुरावा नव्हता.

पुढच्या हंगामात कुंड्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. दोन स्वच्छ गेल्या. तिसऱ्यात ओढ्याकाठच्या रोपांची देठे वळली. माग काढल्यावर बाहेरून आलेला कंत्राटी फवारणीवाला सापडला, ज्याने स्वतःजवळचा एस्टरचा जुना साठा वापरला होता. करार शेतमालकांचा होता, फवारणाऱ्याचा नव्हता. त्यानंतर मालकाने डबी स्वतः आणून द्यायची अशी ओळ करारात वाढवली. वस्तीतून त्या एका संध्याकाळखेरीज वासाची तक्रार आली नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दोन दिवसांत पाने गोठवायला हवी होती. गोठवलेला नमुना उशिरा पाठवला तरी चालतो, तोडायला उशीर चालत नाही.

डबीवरची बारीक ओळ पहिल्याच दिवशी पाहिली असती तर पश्चिमेच्या शेतकऱ्यावरचा आरोप टळला असता. हे सर्वांत मोठे आणि न भरलेले नुकसान आहे. दोन घरांत अजून बोलणे सुरळीत नाही.

वस्तीतल्या लोकांच्या त्रासाची नोंद कोणी ठेवली नाही. कोणत्या संध्याकाळी, किती वाजता, कोणाला काय झाले आणि डॉक्टरांनी काय लिहिले, हे वहीत असते तर दोन्ही मारांच्या तारखा पानांच्या मोजणीपेक्षा नेमक्या कळल्या असत्या. आणि माणसांची काळजी पिकाच्या मागे पडली नसती. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २,४-डीला २बी गटात, म्हणजे माणसात कर्करोगाचे कारण असू शकेल अशा पदार्थांत ठेवले. काही संध्याकाळच्या वासावरून कोणताही निदानवजा निष्कर्ष काढता येत नाही, पण मुले आणि दम्याचे रुग्ण असलेल्या घरांना फवारणीचा निरोप बागायतदारांच्या आधी जायला हवा होता. करारात ती ओळ अजून नाही.

करारातली वेळेची चौकट वरच्या शेतांसाठी तंग आहे. वारा, तापमान आणि वेळ तिन्ही जुळणारे तास दिवसाला दोन-तीनच मिळतात आणि पंप सगळ्यांना एकदम लागतात. पुढच्या हंगामापासून पाळ्या लावून पंप सामाईक ठेवायचा विचार चालू आहे. पाळी चुकलेला शेतकरी संध्याकाळी पंप उचलणार का, हे कुंड्यांवरूनच कळेल.